तळातली पळी

शाळेच्या स्वयंपाकघरात भात उतरवायची वेळ आणि मोठ्या गुरुजींची हाक या दोन गोष्टी नेमक्या एकदमच यायच्या. त्या शनिवारीही तेच झालं. फडकी धरून तिनं पातेल्याला हात घातला होता, तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला, "मावशी, ते राहू द्या. तपासणीवाल्या ताई आल्यात. तुम्हीही ऐकायला पाहिजे."

"भात करपला तर तेही मलाच ऐकायला लागतं," असं ती पुटपुटली. पण पातेलं खाली घेऊन, हात पुसून बाहेर आली. तिच्या मागोमाग रेडिओही आली. रेडिओ म्हणजे तिची मदतनीस. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. पण सकाळी शाळेत जे घडे ते दुपारच्या आत गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचं काम ती बिनपगारी करायची, म्हणून गावानं हे नाव ठेवलं होतं.

व्हरांड्यात एक खोकं होतं आणि खोक्यात निळ्या झाकणाच्या छोट्या डब्या. प्रत्येक डबीवर एकेका मुलाच्या नावाची चिठ्ठी. ताई तरुण होत्या, चष्मा सारखा नाकावर घसरायचा. त्या मुलांना सांगत होत्या की सोमवारी सकाळची शी यात आणायची, चमचाभर पुरे.

"ताई, भरून आणली तर?" मागून एक जण म्हणाला, आणि सगळी शाळा हसून लोळली.

ताईही हसल्या. मग म्हणाल्या, "पोटात जंत आहेत का ते बघायचं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन ते पुरेसं आहे का तेही बघायचं. मग ज्याला जे लागेल ते औषध आम्हीच देणार. तोवर मनानं कुणी काही घ्यायचं नाही."

पोरं डब्या घेऊन पांगली. मोठे गुरुजी तिच्याजवळ सरकले. माणूस वाईट नव्हता, पण गावाच्या बोलण्याला भिऊन असायचा. "मावशी, जंत निघाले की लोक आधी स्वयंपाकघराकडे बोट करणार," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यातून तुमच्याच मुलीच्या पोटात निघाले, तर मग माझ्याच्यानं काही होणार नाही. आधीच्या बाईंचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

आधीच्या बाईचं काय झालं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या बाईची दोन पोरं याच शाळेत होती. ती त्यांना पळी तळापर्यंत घालून घट्ट घट्ट वाढते आणि लोकांच्या पोरांना वरचं पाणी, असं कुणीतरी उठवलं. खरं होतं की खोटं, देव जाणे. आठ दिवसांत तिच्या हातातली पळी गेली, आणि ती हिच्या हातात आली.

पळी हातात घेतली त्याच दिवशी हिनं दोन नियम घातले. पहिला असा, की शाळेत पोरीनं आई म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं मावशी म्हणायचं. दुसरा, पोरीनं रांगेत शेवटी उभं राहायचं, आणि तिला वाढताना पळी वरवर फिरवायची. डाळीचं वरचं पाणी, भाजीतले दोन देठ. उसळीचं पातेलं असलं की बाकीच्यांच्या ताटात दाणे वाजायचे आणि पोरीच्या ताटात नुसता रस्सा पसरायचा. बघणाऱ्यांनी बघावं, म्हणून ती हे अगदी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करायची. घरी भरपाई करू, असं मनाशी म्हणायची. पण संध्याकाळी घरात जे असे तेच असे, आणि दमलेल्या बाईच्या हातून भरपाई कसली होणार?

पोरीचं घरचं नाव भिंगरी. तीन वर्षांची असताना ती अंगणात स्वतःभोवती गोल गोल फिरायची आणि धपकन पडून हसायची, तेव्हापासूनचं. आता नऊ वर्षांची झाली होती. हल्ली फिरणं नव्हतं की हसणं नव्हतं. शाळेच्या सहा पायऱ्या चढतानाही चौथीवर थांबायची.

आणि मंगळवारी सकाळी कुंपणामागे तिला बसवून आई राखण करत उभी होती, तेव्हा तिनं ते पाहिलं होतं. वीतभर लांब, पांढरट, वळवळणारं. पोरीला दिसू नये म्हणून तिनं पायानं माती लोटली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

रविवार म्हणजे वाफ्यांचा दिवस. तिच्या नवऱ्याला सगळे रोपवाला म्हणत. घरामागच्या जागेत बारा गादीवाफे होते आणि त्यांत मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी यांची रोपं. लागणीचे दिवस आले की पंचक्रोशी त्याच्या दारात उभी राहायची. यंदा मात्र सततच्या झिमझिमीनं पहिला फेर मुळापासून कुजला. दुसऱ्यांदा बी टाकावं लागलं आणि पंधरा दिवसांचं काम आठवड्यात आलं. घरात हात किती? रोपवाल्याचे दोन आणि भिंगरीचे दोन, आईचे शाळेतून उरतील तेवढे.

विरळणीच्या कामात भिंगरीला तोड नव्हती. बारीक बोटांनी ती दाटीतलं एकच रोप असं उचलायची की शेजारच्याला कळूही नये. वजनही पाखराएवढं, त्यामुळे वाफ्याच्या कडा ढासळत नसत. ती दोन वाफ्यांमधल्या सरीत, ओल्या मातीत अनवाणी बसायची. पहाट उजाडली की शाळेची घंटा होईपर्यंत, आणि रविवारी दिवसभर.

अनवाणी, कारण रोपवाल्याचा कायदाच तसा होता. चप्पल बांधाबाहेर. तीन वर्षांपूर्वी कुणी एक गिऱ्हाईक चिखलाच्या बुटांनी वाफ्यात शिरलं आणि आठवड्यात अर्धी रोपं माना टाकून मेली. दुसऱ्याच्या रानातला रोग चपलेला चिकटून येतो, हे त्यानं तेव्हा गाठीला बांधलं. तेव्हापासून सरपंच आला तरी चप्पल बांधाबाहेर. लोक हसायचे, पण त्याची रोपं कधी मरायची नाहीत, म्हणून गुमान काढायचे.

त्याच्या डोक्यातून निघालेली आणखी एक गोष्ट गावात गाजली होती. सरकारी योजनेतून घराला संडास मिळाला. पक्क्या भिंती, पत्र्याचं दार, आत उंदीर शिरायला जागा नाही. रोपवाल्यानं चारही बाजूंनी बघितलं आणि बियाण्याची पोती तिथं नेऊन रचली. "एवढी कोरडी जागा घरात दुसरी नाही," तो म्हणाला. तेव्हापासून बी राजासारखं संडासात राहायचं आणि माणसं वाफ्यांच्या वरच्या अंगाला कुंपणामागे जायची.

"आई, तळपाय खाजतात गं," भिंगरी सरीतून म्हणाली.

"तळपाय खाजले की प्रवास घडतो," आई जुड्या बांधता बांधता म्हणाली. "कुठल्या गावाला निघालीस?"

हे ती महिनाभर म्हणत होती. आज मात्र पोर हसली नाही. तिनं मान खाली घातली आणि हात तोंडाकडे नेला. आईनं झटकन उठून तिचं मनगट धरलं. मुठीत वाफ्याच्या कडेची वाळलेली खपली होती. ओठांना माती.

"पुन्हा? किती वेळा सांगायचं? घरात खायला नाही का तुला?"

"ती छान लागते," भिंगरी म्हणाली. "पावसाच्या वासासारखी."

आईनं हातावर चापट मारली. जोरात नव्हती, पण धरलेल्या मनगटावरही बोटं उमटली नव्हती, हे बघून तिलाच कसंतरी झालं. हाताखाली रक्तच नसल्यासारखं.

रोपवाल्यानं झारी खाली ठेवली. "मारतेस कशाला? माती खाऊन कुणी मेलंय का? मी लहानपणी पाटीभर खाल्ली असेल."

"म्हणून तर डोक्यात तीच भरलीये," ती म्हणाली. तो हसला. तिला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर निळ्या झाकणाची डबी होती.

सोमवारी उजाडताना दोघी कुंपणामागे गेल्या. भिंगरीनं डबीसाठी हात पुढे केला. "ताईंनी मलाच भरायला सांगितलंय."

"सांडशील. तू आटप आणि जा, वेणी घालून घे. मी भरते."

पोर गेली. आई डबी हातात घेऊन उभी राहिली. चोरी अशीही असते, हे तिला त्या दिवशी कळलं. पोरीचं तिनं मातीखाली लोटलं आणि पदर सावरून स्वतः बसली. माझ्याच पोटची आहे, तिचं काय आणि माझं काय, डबीला काय कळतंय? मला आजवर कधी पोटात दुखलं नाही. असं सगळं तिनं मनाशी म्हटलं, आणि झाकण नीट बसलं नाही म्हणून डबी दोनदा उघडून पुन्हा लावली. डबीवर पोरीचं नाव होतं. चिठ्ठीवर अंगठा गेला तसा तिनं तो चटकन काढून घेतला.

शाळेत ताईंनी एकेकाचं बोट टोचलं. भिंगरीच्या बोटातून थेंब यायला वेळ लागला, दाबावं लागलं. आला तोही फिकट. ताईंनी यंत्रात बघितलं, चष्मा वर केला आणि पुन्हा बघितलं. वहीत काहीतरी लिहून त्याखाली रेघ ओढली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईला ती रेघ दिसली. त्या दिवशी तिनं भाजीत मीठ दोनदा घातलं.

गुरुवारी निकाल आले. एक्केचाळीस मुलांच्या पोटात जंत निघाले होते. नावं वाचली गेली, कुणी लाजलं, कुणी शेजाऱ्याला ढोसलं. भिंगरीच्या नावापुढे ताईंनी वाचलं, "काही नाही. स्वच्छ."

"बघा!" रेडिओ कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आमच्या मावशीच्या घरचं काम म्हणजे काचेसारखं. आता बोलू दे कुणाला बोलायचंय ते." आणि ती लगेच सांगायला निघालीसुद्धा.

मोठ्या गुरुजींनी हलकेच मान डोलावली. तिला घाम फुटला होता तो थंड झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ते खोटं नाही, असं तिला वाटलं. ते वाटणं जेमतेम पाच मिनिटं टिकलं असेल.

ताईंनी तिला वर्गात बोलावलं, दार लोटलं. "तुमच्या मुलीचं रक्त सहा पॉइंट दोन भरलंय. साडेअकराच्या वर पाहिजे. ही मुलगी चालते कशी, मला कळत नाही."

"अशक्त आहे जराशी, ताई. पहिल्यापासून."

"जराशी नाही, मावशी." ताईंचा आवाज मऊ होता आणि त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली. "पोटात जंत असते तर मी म्हटलं असतं, त्यांनी रक्त प्यायलं. गोळी दिली असती, लोहाचं औषध दिलं असतं, मोकळं झालो असतो. पण जंत नाहीत. मग रक्त जातंय कुठे? का शरीर ते बनवतच नाही? ते शोधायला हवं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देते. सोमवारी घेऊन जा. कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासतील, रक्त तिथंच बनतं."

"हाडात?"

"घाबरू नका. पण उशीरही करू नका."

ती बाहेर आली तेव्हा घंटा झाली होती आणि पोरं ताटं वाजवत रांगेत उभी होती. ती वाढत गेली. शेवटी भिंगरी आली. सवयीनं हात वरवर फिरला आणि ताटात पिवळं पाणी पडलं. पोरीनं ताट उचललं.

त्यानंतरचे तीन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. आपण एक लपवायला गेलो आणि भलतंच गळ्यात आलं, हे तिला कळत होतं. पण सांगायचं कसं? सांगितलं तर पळी गेली. नुसती पळी नाही, सरकारी तपासणीत फसवणूक केली म्हणून नावही गेलं. आणि मनातून एक दुसरीच भीती वर यायची. ताई म्हणतात तसा खरंच मोठा आजार असला तर? मग जंताचं सांगून मीच तो लपवल्यासारखं नाही का होणार? दोन्ही बाजूंनी विचार करून करून तिचं डोकं दुखायला लागलं.

शुक्रवारी ती औषधांच्या दुकानात गेली आणि हळूच जंताची गोळी मागितली. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी, वय काय, रक्त किती. सहा म्हटल्यावर त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. "इतक्या अशक्त पोरीला मी मनानं काही देणार नाही. चिठ्ठी आणा. शाळेत तपासणी चालू आहे ना? तुम्ही तर तिथल्याच."

"तिथलीच," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

शनिवारी सकाळी भिंगरी वाफ्यात पडली. रोपांचा ट्रे घेऊन सरीतून येत होती. ट्रे कसला, दोन विटांएवढं वजन. मध्येच थांबली, ट्रे नीट खाली ठेवला, एकही रोप सांडू दिलं नाही, आणि मग कोबीच्या वाफ्यावर आडवी झाली. रोपवाला धावला. ज्या माणसानं वाफ्यावर कुणाचं बोट उमटू दिलं नव्हतं, तो दोन्ही पायांनी रोपं तुडवत गेला आणि पोरीला उचलून बाहेर आला.

"बाबा, कोबी मोडला," ती म्हणाली.

"मोडू दे."

त्यानं तिला बाजेवर ठेवलं. तिच्या पापणीच्या आत बोटानं बघितलं. आत कागदासारखं पांढरं होतं. तो रानातल्या पानाचा रंग बघून सांगायचा की मुळाला काय झालंय. पोरीच्या पापणीकडे बघून त्याला काही सांगता येईना.

"सोमवारी गाडी सांगितलीये," तो म्हणाला. "रोपं पोचवायला जाणार होती, त्यातच बसू. हाडात सुई म्हणजे काय गं करतात? तुला ताईंना नीट विचारता नाही आलं?" त्यानं पोरीच्या पायांवर पांघरूण ओढलं. "मीच तिला राबवली. पहाटेपासून. माझीच अक्कल शेण खायला गेली होती."

तिनं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्यानं तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले, आणि तिला बोलवेना. खाई त्याला खवखवे. दिवसभर तिच्या घशात ते खवखवत राहिलं.

सोमवारी गाडी शाळेच्या फाटकाशी थांबली. मागे रोपांचे ट्रे, पुढे रोपवाला. चिठ्ठी घ्यायला ती पोरीला घेऊन आत गेली. वर्गात ताई होत्या, मोठे गुरुजी होते, आणि कसलातरी डबा शोधायचं निमित्त करून रेडिओही होती.

ताईंनी चिठ्ठी लिहिली. मग पोरीला जवळ घेतलं आणि तिला समजावं म्हणून कमरेच्या मागच्या हाडावर बोट ठेवलं. "इथं हं. आधी बधिर करतील. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत होईल."

भिंगरीनं ते बोट जिथं होतं तिथं हात नेला. चेहरा आधीच पांढरा, तो आणखी काय पांढरा होणार. तिनं वळून आईकडे बघितलं आणि शाळेचा नियम पाळून विचारलं, "मावशी, खूप दुखेल का?"

त्या एका शब्दानं सगळं संपलं.

"मावशी नको म्हणू गं," ती म्हणाली. "आई म्हण. आई आहे मी तुझी." आणि ताईंकडे वळून, श्वास न घेता, "डबीतलं हिचं नव्हतं. माझं होतं. हिच्या पोटात जंत आहेत. मी डोळ्यांनी बघितलाय, एवढा. माझी नोकरी जाईल म्हणून मी माझं भरलं. हिच्या हाडात सुई घालू नका."

रेडिओच्या हातातलं झाकण खाली पडून फिरत राहिलं.

मोठे गुरुजी लाल झाले. "मावशी! अहो, हे काय केलंत? एवढे दिवस पोरीला अशी..."

"थांबा, गुरुजी." ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावल्या होत्या, पण तो राग आतल्या आत ठेवून त्यांनी खोक्यातून नवी डबी काढली. "आत्ता. माझ्यासमोर."

तासाभरानं त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर केलं. "खच्चून आहेत. तुम्ही पाहिलात तो मोठा; तो मातीच्या हातांनी, नखांतून, माती खाऊन पोटात जातो. पण हिचं रक्त पितायत ते दुसरे. दोऱ्याच्या तुकड्याएवढे, आकडे असलेले. आतड्याला चिकटून बसतात. तोंडानं जात नाहीत हे, ओल्या मातीतून तळपायात शिरतात. पाय खाजायचे का हिचे?"

कुठल्या गावाला निघालीस, असं महिनाभर आपण पोरीला चिडवत होतो, हे आईला आठवत होतं.

"कुठं अनवाणी चालते?"

"वाफ्यात," भिंगरीनंच सांगितलं. "बाबा चप्पल घालू देत नाहीत. रोपांना रोग होतो."

"आणि शौचाला?"

"कुंपणामागे. संडासात बी आहे."

ताईंनी कपाळाला हात लावला. मग आईकडे बघून त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या एक्केचाळिसांपैकी बहुतेकांना हेच निघालेत. तुमच्या पातेल्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, मावशी. आणि डबीतलं जर तुमचं, तर तुम्हीच स्वच्छ निघालात. तुमच्या हातांत काही खोट नव्हती. एकदा विचारलं असतंत तर?"

हे ऐकून तिला रडू आलं नाही. आपण कशाला भ्यालो होतो तेच तिला क्षणभर आठवेना.

गोळी दिली, लोहाचं औषध दिलं. हॉस्पिटलची चिठ्ठी ताईंनी फाडली नाही. घडी करून वहीत ठेवली. "पंधरा दिवसांनी पुन्हा बोट टोचू. रक्त चढायला लागलं तर ठीक. नाही तर ही चिठ्ठी आहेच. मध्ये दम लागला, चक्कर येऊन पडली, तर त्याच दिवशी आणायचं." गुरुजींनी खाली बघत सांगितलं की उद्यापासून येऊ नका, वर कळवावं लागेल, माझा इलाज नाही. तिनं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. रेडिओ त्या दिवशी कुणाकडेही गेली नाही. स्वयंपाकघरात गुपचूप भांडी घासत बसली. याचं गावात नंतर सगळ्यांना नवल वाटलं.

रोपवाल्याला तिनं गाडीशीच सगळं सांगितलं. डबीचं, जंताचं, वाफ्याचं. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ट्रेमधल्या रोपांकडे बघत राहिला.

"माझ्या वाफ्यातून?" तो शेवटी म्हणाला.

"आपल्या कुंपणामागून वाफ्यात. वाफ्यातून तिच्या पायात."

"रोपांना रोग लागू नये म्हणून मी पोरीला..." गाडी एकटीच रोपं घेऊन गेली. घरी येऊन त्यानं संडासातली पोती एकेक करून बाहेर काढली आणि माजघरात, स्वतःच्या अंथरुणाच्या जागी रचली. दुसऱ्या दिवशी बाजारातून रबरी बूट आणले. तीन जोड, त्यातला एक लहान. बांधाशी चुन्याच्या पाण्याची पाटी ठेवली आणि बूट तिच्यात बुडवून काढले. "हे वाफ्यातच राहतील, बाहेर जायचे नाहीत," त्यानं सांगितलं. "रोपांचंही राहील, पायांचंही." गोळी त्यानंही घेतली, तोंड वाकडं करून. भिंगरीला मात्र त्यानं वाफ्याकडे फिरकू दिलं नाही.

तिच्या जागी आई सरीत बसायला लागली. तिची बोटं जाड. एका रोपाबरोबर दोन यायची. येणारी जाणारी माणसं बांधावरून बघायची, काही विचारायची, काही न विचारता हसायची. तिनं सगळ्यांना सरळ सांगितलं. एकदा सांगितल्यावर तेही सोपं झालं. पण रोज दुपारी शाळेची घंटा ऐकू आली की तिचे हात थांबायचे, आणि पंधरा दिवस मोजताना ती वहीत ठेवलेली चिठ्ठी तिला दिसायची.

पंधराव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. भिंगरी आली होती, दप्तर डोक्याला अडकवून. धावत नव्हती, पण अंगणात न थांबता सरळ बांधापर्यंत आली. टोचलेलं बोट पुढे धरून म्हणाली, "सात पॉइंट चार. ताई म्हणाल्या, चढतंय. चिठ्ठी अजून ठेवलीये, पण म्हणाल्या, चढतंय."

आई सरीतच बसून राहिली, मातीचे हात मांडीवर ठेवून.

"आणि आई," पोर बांधावर उकिडवी बसत म्हणाली, "शाळेत आता रेडिओमावशी वाढते. मी शेवटी उभी राहिले तर म्हणाली, पुढे ये. आणि पळी अशी पार खालपर्यंत घालते ती. मला रोज इतकं घट्ट मिळतं. दाणे पण. मला माहीतच नव्हतं, आपल्या शाळेत दाणे असतात ते." तिनं थोडा विचार केला. "तुझी पळी लहान होती का गं?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता, आणि पोरीनं विश्वासही ठेवला असता.

"पळी तीच गं," ती म्हणाली. "माझाच हात भीत होता."

भिंगरीला ते कितपत कळलं कुणास ठाऊक. तिनं मान हलवली आणि भूक लागली म्हणाली. दुपारी शाळेत घट्ट जेवून आलेली पोर पुन्हा भूक लागली म्हणत होती. आईनं बूट बांधाशी काढले, हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, नखं घासली आणि चुलीपाशी जाऊन पातेल्यावरचं झाकण काढलं. पळी आत सोडली, ती तळाला लागल्याचं हाताला कळेपर्यंत सोडली, आणि भरून वर काढली.